जुन्या मदरबोर्डवरील गळकी बॅटरी
३८६ किंवा ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या संगणकांतील मदरबोर्डवर सोल्डर केलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळू लागली की तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून बोर्ड चालू करून पाहण्याआधीच ती काढून टाकावी. हिरवट डागांवर पांढरे व्हिनेगर लावून मऊ ब्रशने घासावे, डिस्टिल्ड पाण्याने धुवावे, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. इथे घाई नको. मग जुन्या बॅटरीच्या जागी सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलचा होल्डर जोडावा. मात्र हा सेल चार्ज होणारा नाही आणि बोर्ड मूळ बॅटरीला चार्जिंगचा प्रवाह देत असतो, त्यामुळे सेलच्या धन टोकाशी शॉटकी डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्याची पट्टीची बाजू बोर्डाकडे ठेवून, लावलाच पाहिजे. अन्यथा सेल फुटण्याचा धोका असतो.