ऑफिसात ओळखीचा खेळ घेताय? या चुका टाळा

नवी टीम बसली, दोन शाखा एकत्र झाल्या किंवा जूनची बॅच रुजू झाली की कोणीतरी म्हणतं, "सुरुवातीला एखादा आइसब्रेकर घेऊ या." जबाबदारी बहुधा अशा माणसाच्या गळ्यात पडते ज्याने याआधी असं काही घेतलेलं नसतं. तो इंटरनेटवर एक खेळ शोधतो, मीटिंग रूम अडवतो, अर्धा तास हसणं-खिदळणं होतं. बाहेर पडल्यावर मात्र सगळे आपापल्या जुन्याच कंपूबरोबर चहाला जातात.

यात खेळाचा दोष फारसा नसतो. तो कशासाठी घ्यायचा हेच ठरलेलं नसतं. माझ्या मते त्याची कसोटी एकच आहे: कालपर्यंत एकमेकांना फक्त ईमेलवर ओळखणाऱ्या दोघांकडे उद्या कॅन्टीनच्या रांगेत बोलायला काही निमित्त आहे का? ते असेल तर खेळ जमला. हॉल किती दणाणला, किती फोटो निघाले, याचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे मी 'माणसांचा बिंगो' हा खेळ धरून बोलते, कारण त्याला खर्च नाही, सामान नाही आणि तो बारा जणांपासून चाळीस जणांपर्यंत नीट चालतो. ए-फोर कागदावर चार बाय चार असे १६ चौकोन आखायचे. प्रत्येकात एक वाक्य, उदाहरणार्थ 'रात्रभर एसटीने प्रवास केलेली व्यक्ती'. प्रत्येकाने कागद-पेन घेऊन फिरायचं, वाक्य लागू पडेल असा माणूस शोधायचा, त्याच्याशी बोलायचं आणि त्याचं नाव त्या चौकोनात लिहायचं. आडवी, उभी किंवा तिरपी रांग भरली की बिंगो. पुढच्या चुका मात्र कुठलाही खेळ घेतलात तरी होतात.

गोल बसवून 'एकेकाने स्वतःबद्दल सांगा'

ही सगळ्यात जुनी सवय. पंचवीस माणसं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं गेली. त्यातली अठ्ठेचाळीस मिनिटं प्रत्येक जण नुसता बसून असतो. ऐकत असतो असंही नाही. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं की गटात पाळीपाळीने बोलायचं असेल तर आपली पाळी येण्याच्या लगेच आधी जे बोललं गेलं, ते माणसाला फार कमी आठवतं. मन 'आता मी काय बोलू' यात गुंतलेलं असतं. म्हणजे शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचं बोलणंच नेमकं निसटतं.

दुसरा हिशेब बघा. वीस जणांच्या गटात दोघादोघांच्या १९० जोड्या होतात. गोलात बसून सगळ्यांची ओळख झाली तरी त्यातल्या एकाही जोडीचं आपसात बोलणं झालेलं नसतं. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी, उभ्याने, दोघादोघांत बोलावं. खोलीत गलका झाला तर होऊ द्या. लाजाळू माणसाला त्या गलक्याचाच आधार असतो, कारण त्याचं बोलणं फक्त समोरच्यालाच ऐकू जातं.

चौकोनात काहीही लिहून टाकणं

सगळी मेहनत इथे हवी आणि नेमकी इथेच घाई होते. तयार यादी उतरवून घेतली जाते. 'क्रिकेट आवडणारी व्यक्ती' असं लिहिलं की पहिलाच भेटलेला माणूस सही ठोकतो आणि दोघंही पुढे निघतात. बोलण्यासारखं त्यात काही उरत नाही. उलट टोकाला 'पॅराग्लायडिंग केलेली' किंवा 'तीन देश फिरलेली व्यक्ती' अशी वाक्यं येतात. त्यातून कोणाकडे पैसा आहे आणि कोणाकडे नाही तेवढं सगळ्यांसमोर येतं. नव्याने नोकरीला लागलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला त्या चौकोनापाशी अवघडायला होतं.

चांगलं वाक्य असं असतं की ते वाचून पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो. 'आजीचा एखादा पदार्थ स्वतःला करता येणारी व्यक्ती', 'भर पावसात गड चढलेली', 'नाटकात एकदा तरी तोंडाला रंग लावलेली', 'कॉलेजात असताना एखादं वेगळंच काम केलेली', 'घरात भटकं मांजर किंवा कुत्रं सांभाळलेली'. एसटीचा चौकोन घ्या. "हो, मी केलाय" एवढ्यावर कोणी थांबत नाही. कुठून कुठे, सीट मिळाली होती का, मध्यरात्री गाडी कुठल्या ढाब्यावर थांबली, हे निघतंच. आणि समोरच्याला आपलीही एसटी आठवते.

यासाठी एक नियम घाला: नुसतं नाव लिहिलेलं चालणार नाही, सोबत एक तपशील हवा. 'स्वारगेट ते लातूर, शेवटची सीट' असं लिहिलं असेल तरच चौकोन भरला. एवढ्या एका नियमाने सह्या गोळा करत पळणारा खेळ गप्पांचा होतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं की समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. तपशिलाच्या नियमामुळे तो पुढचा प्रश्न प्रत्येकाला विचारावाच लागतो, ज्याला गप्पा मारायला जमत नाहीत त्यालाही.

आता काय लिहू नये, तेही स्पष्टच सांगते. लग्न, मुलं, वय, पगार, वजन यांतलं काहीही नको. 'दोन मुलं असलेली व्यक्ती' हा चौकोन लिहिणाऱ्याला निरुपद्रवी वाटतो, पण मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणारी बाई त्याच खोलीत असू शकते. शाकाहार-मांसाहार, उपवास, कुलदैवत, मूळ गाव आणि आडनाव हेही टाळा. आपल्याकडे "गाव कुठलं तुमचं? आडनाव काय म्हणालात?" या प्रश्नांमागे पुष्कळदा जात काढण्याचा हेतू असतो आणि ज्याला विचारलं जातं त्याला तो बरोबर कळतो. ओळखीच्या खेळात त्याला तोच प्रश्न पुन्हा झेलायला लावणं हा अन्याय आहे. गावाबद्दल बोलावंसं वाटलं तर लोक आपणहून बोलतील.

यादी झाली की ती आपल्याहून वेगळ्या असणाऱ्या एका सहकाऱ्याला दाखवा. तुम्ही पुरुष असाल तर बाईला, मॅनेजर असाल तर ज्युनियरला, मराठी असाल तर अमराठी सहकाऱ्याला. खटकलेला चौकोन वाद न घालता काढून टाका.

'शिक्षा' ठेवणं

पार्सल फिरवायचं, गाणं थांबेल तेव्हा ज्याच्या हातात असेल त्याने नाचून दाखवायचं. किंवा नुकतं लग्न झालेल्या मुलीला उभं करून "आता उखाणा होऊन जाऊ दे!" घरच्या कार्यात, मायेच्या माणसांत उखाण्याची मजा काही औरच असते. ऑफिसात मात्र समोर साहेब असतात, ज्यांच्याशी कधी दोन वाक्यं बोलणं झालेलं नाही असे पुरुष सहकारी असतात, आणि "नको" म्हटलं की "एवढं काय त्यात!" असं ऐकावं लागतं. त्याच खोलीत कोणी विधवा असते, कोणी नवऱ्यापासून वेगळी राहत असते. एकीची हौस झाली म्हणून दुसरीच्या जखमेवरची खपली काढू नये.

'ट्रुथ अँड डेअर' तर ऑफिसात नकोच. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नकोशा, लैंगिक रोखाच्या शेरेबाजीलाही छळच मानतो. 'खेळात गंमत म्हणून विचारलं' म्हटल्याने ती शेरेबाजी गंमत ठरत नाही. संगीत खुर्चीची अडचण वेगळी: जो हळू, ज्याचे गुडघे दुखतात, जिला साडीत पळता येत नाही, ते पहिल्या फेरीतच बाद होऊन भिंतीला टेकतात. मिसळण्याची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांनाच हा खेळ आधी बाहेर काढतो. ओळखीच्या खेळात कोणी बाद होता कामा नये.

सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, "एखाद्या चौकोनावर बोलायचं नसेल तर 'हा सोडू या' म्हणा, कारण सांगायची गरज नाही." हे सांगितल्यावर लोक उलट मोकळे होतात.

एकदम खोलात शिरणं

काही संयोजकांना हलकं बोलणं वरवरचं वाटतं, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग सांगा' असं येतं. जवळीक वाढवणाऱ्या प्रश्नांचा जो प्रयोग जगभर गाजला, तो आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा, त्यातही असं नव्हतं. ३६ प्रश्न तीन संचांत विभागलेले होते, सुरुवात साध्या प्रश्नांनी होती आणि ते टप्प्याटप्प्याने अधिक व्यक्तिगत होत गेले. प्रश्न दोघांनी आपसात बोलायचे होते आणि दोघांनीही उत्तरं द्यायची होती. दोघंही थोडं थोडं उघडतात म्हणून विश्वास वाढतो. एकाने तीस जणांसमोर रडावं आणि बाकीच्यांनी बघावं, यातून जवळीक होत नाही. पहिल्या भेटीत आजीचा पदार्थ पुरे.

भाषा आणि साहेब

पुण्या-मुंबईच्या टीममध्ये अंताक्षरी हा हमखास पर्याय धरला जातो. चेन्नईहून आलेल्या सहकाऱ्याला 'म' वरून हिंदी गाणं आठवत नाही आणि तो तासभर टाळ्या वाजवत बसतो. नावांच्या भेंड्यांचंही तेच. याउलट कारखान्यात इंग्रजी छापलेला कागद वाटला की लाइनवरचे ऑपरेटर तो घडी करून खिशात ठेवतात. कागद मराठी आणि हिंदीत छापा, लागली तर इंग्रजीही जोडा. लिहायला संकोच वाटणारं कोणी असेल तर 'लिहील समोरचा' असा नियम सगळ्यांनाच लावा, म्हणजे कोणी वेगळं दिसत नाही. आणि हाउसकीपिंगच्या ताई, ड्रायव्हर, कंत्राटी कामगार रोज याच छताखाली काम करत असतील तर त्यांच्याही हातात कागद द्या. त्यांनी चहाचे कप तेवढे आणायचे, हे बरोबर नाही.

साहेबांनी एकतर खेळावं, नाहीतर तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावं. मागे लॅपटॉप उघडून बसलेला मॅनेजर दिसला की लोक जपून बोलतात. ते खेळणार असतील तर आधी त्यांना सांगून ठेवा की विचारायला त्यांनीच पुढे जायचं, लोक आपल्याकडे येण्याची वाट बघायची नाही.

खेळ अडकला तर

कागद हातात दिला तरी सगळे जागेवरच उभे राहतात. सूचना पुन्हा वाचून दाखवू नका. एका सहकाऱ्याला पुढे घ्या आणि एक चौकोन सगळ्यांसमोर स्वतः भरून दाखवा, पुढच्या प्रश्नासकट. एका मिनिटात खोली हलते.

लोक ओळखीच्याच कंपूत फिरतायत? जाहीर करा की पहिल्या पाच नावांत आपल्या विभागाचं एकही नाव नको, आणि एका कागदावर एक नाव एकदाच. दुसरा नियम नसेल तर एकच मित्र सहा चौकोनांत सापडतो.

एखादा भिंतीला टेकून उभा आहे. माइकवरून त्याचं नाव घेऊन बोलावू नका, तो आणखी आक्रसतो. आपला कागद घेऊन त्याच्याकडे जा, एक चौकोन विचारा, आणि बोलता बोलता तिसऱ्याला जवळ घेऊन आपण बाजूला व्हा.

तीन मिनिटांत कोणी "बिंगो!" ओरडलं तर तपशील तपासा, बहुतेक वेळा नुसती नावंच असतात. खरंच भरलं असेल तर त्याला दुसरी रांग द्या. पहिल्या बिंगोला खेळ थांबवू नका. मोठं बक्षीसही ठेवू नका, नाहीतर लोक गप्पा सोडून रांग भरायच्या मागे लागतात. पेढे ठेवा, सगळ्यांसाठी.

काही जण ऑनलाइन आणि बाकीचे खोलीत, ही सगळ्यात अवघड स्थिती. खोलीतले आपसात रंगतात आणि पडद्यावरचे चेहरे नुसते बघत राहतात. तेव्हा फिरणं रद्द करा. ऑनलाइन असलेल्या प्रत्येकाला खोलीतल्या दोघांबरोबर जोडा, एक लॅपटॉप, तिघं जण, आणि दर पाच मिनिटांनी खोलीतली जोडी बदला. सगळेच ऑनलाइन असतील तर तिघातिघांच्या वेगळ्या खोल्या करा. वीस जणांच्या एकाच कॉलवर कोणीच कोणाशी बोलत नाही.

वेळ चुकीची, आणि नंतर घाई

शुक्रवारी साडेपाचला खेळ ठेवलात तर अर्ध्या लोकांचं लक्ष ठरलेल्या लोकलकडे लागलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीतला वेळ कापू नका, शिफ्ट बदलताना नको. कामाच्या वेळेतली सकाळची वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

खेळ संपल्यावर लगेच प्रेझेंटेशन सुरू करू नका. "या खेळातून तुम्ही काय शिकलात?" असा प्रश्न आणि अभिप्रायाचा फॉर्म, दोन्ही वगळा. दहा मिनिटं चहाला सोडा. अर्धवट राहिलेल्या गोष्टी तिथे पुऱ्या होतात, "अरे, ते ढाब्याचं राहिलंच" म्हणत लोक एकमेकांना गाठतात.

कागद गोळा करून एचआरच्या फाइलला लावू नका आणि त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, लोकांनी एकमेकांना विश्वासाने सांगितलेलं त्यावर आहे. ज्याचा कागद त्याच्याकडे राहू द्या. जे त्या दिवशी रजेवर होते किंवा नंतर रुजू झाले, त्यांची नावं तेवढी टिपून ठेवा. महिनाभराने नवे चौकोन लिहून पुन्हा खेळ घ्याल तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करायची आहे.