सवाना मॉनिटरच्या पिल्लासाठी मुठीची परीक्षा

परदेशात जिथे ही आफ्रिकी घोरपड कायद्याने पाळता येते, तिथे पिल्लू सुस्त होणे आणि बोटांवर कात अडकणे या तक्रारींमागे पुष्कळदा पेटीतील कोरडी माती असते.

1. माती आणि वाळूचे मिश्रण किमान 30 सेंटीमीटर खोल भरावे. मूठभर मिश्रण दाबून पाहावे: गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गोळा फुटू लागला की पाणी घालून ते खालपर्यंत कालवावे, कारण केवळ वरून फवारलेला ओलावा बिळापर्यंत पोहोचत नाही.

2. दिव्याखालील दगडाचे तापमान 55 अंश सेल्सियसच्या आसपास आणि थंड कोपऱ्याचे 26 ते 28 अंश असावे. ते इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे, हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

3. रोज कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे व पैदाशीची झुरळे द्यावीत. उंदरांवर वाढवलेले पिल्लू झपाट्याने मोठे दिसते, परंतु ती बहुतांशी चरबीच असते.

भारतात मात्र घोरपडीचे पिल्लू सापडल्यास ते घरी न ठेवता वनविभागाला कळवावे, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ती पाळणे गुन्हा आहे.