एक स्टार ठोकताय? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मी एका खानावळीला एक स्टार दिला. जेवण छान होतं, भाकरी तर एकदम मऊसूत, पण निघताना सुट्ट्या पैशांवरून काउंटरवरचा माणूस खेकसला आणि मी रिक्षात बसल्या बसल्या "थर्ड क्लास, कोणी जाऊ नका" असं टाकून मोकळा झालो.

तर पहिली चूक हीच, डोकं तापलेलं असताना टाइप करणं. आपल्याला अख्खा अनुभव नाही आठवत, त्यातला सगळ्यात जोराचा क्षण आणि शेवट आठवतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि मंडळींनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, आणि एकदा तेवढंच करून वर अजून ३० सेकंद, फक्त त्यात पाणी हळूहळू एक अंशाने कमी गार होत गेलं. परत करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी चक्क जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. माझा शेवट सुट्ट्या पैशांचा झाला, भाकरी गेली खड्ड्यात. एक रात्र जाऊ द्या, मग लिहा.

दुसरं म्हणजे राग एकाचा, स्टार दुसऱ्याला. कुरिअर चार दिवस लेट आणि एक स्टार मिक्सरला! अरे, मिक्सर चालतो का ते सांगा ना, उशिराची तक्रार डिलिव्हरीच्या फीडबॅकमध्ये टाका.

आधीचे स्टार बघून आपला आकडा ठरवू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' या संशोधनाच्या मासिकात एक प्रयोग छापून आला होता, एका न्यूज साइटवरच्या काही कमेंटना संशोधकांनी मुद्दाम पहिलं लाइक दिलं, तर त्यांचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी वर गेला. कमेंट तीच, नुसतं एक लाइक पुढे.

आता पार्सलमधली ती चिठ्ठी, "फाइव्ह स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, कॅशबॅक घ्या". पन्नास-शंभर रुपयांत काय बिघडतं असं वाटतं, पण तुमचा रिव्ह्यू वाचून जो चार्जर घेणार त्याचे पैसे बुडतात. मामेभावाच्या हॉटेलला पाच स्टार देणं आणि समोरच्या हॉटेलला एक देणं, हेही त्याच माळेतलं, भले भाऊ कितीही मागे लागो. भारतात बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे स्टँडर्ड काढलंय, त्यात विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही.

"चोर", "फ्रॉड" हे शब्द जपून. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. "बिलात दोन डिशेस जास्त लावल्या, सांगितल्यावरही काढल्या नाहीत" एवढं लिहा, बिल जपून ठेवा. पैसेच परत हवे असतील तर रिव्ह्यूपेक्षा ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर कामाचा.

रिव्ह्यू टाकला पण दिसत नाही? त्यात फोन नंबर, लिंक किंवा शिवी आहे का बघा, फिल्टरमध्ये अडकतो. आणि टाकलेला बदलता येतो, गुगल मॅप्समध्ये स्वतःच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं दाबा, एडिट करा. मी केला. आता चार स्टार आहेत, भाकरीचं कौतुक आहे, आणि सुट्टे घेऊन जा हेही लिहिलंय.