शर्ट काढताना खांदा उतरला, तेव्हा

कबड्डीत मी उजवा कोपरा. चढाईवाल्याचा घोटा धरला, तो ओढत निघाला, हात मागे गेला आणि खांदा उतरला. दुसऱ्यांदाही पकडीतच. तिसऱ्यांदा मात्र घरी, शर्ट काढताना.

उतरलेला खांदा मित्राकडून ओढून बसवून घेऊ नका. माझा पहिल्यांदा मैदानावरच एकाने हिसका देऊन बसवला होता. दंडाच्या वरची कातडी आठवडाभर बधिर. तिथून नस जाते. हात गळ्यात बांधा आणि हॉस्पिटल गाठा. बसवण्याआधी एक्स-रे, बसवल्यावर परत एक्स-रे.

मग व्यायाम. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधायचा आणि हात पोटापासून बाहेर न्यायचा, सावकाश परत आणायचा. टॉवेल पडला की समजा पट्टा जड झालाय. जोडीला भिंतीवरचे पुशअप्स, पाठीच्या पात्यासाठी. दगड भिरकावताना हात जसा वर-मागे जातो, ती अवस्था सुरुवातीला टाळा. एसटीतला वरचा दांडाही दुसऱ्या हाताने धरा. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. विशीतल्या, अंगाला अंग भिडवून खेळणाऱ्यांचं बऱ्याचदा भागत नाही. माझं नाही भागलं.

सांधा म्हणजे बशीत ठेवलेला लाडू. बशीची कूर्चेची कड फाटली की लाडू पुढे घरंगळतो. एमआरआयमध्ये कड दिसते. हाड किती झिजलंय ते सीटीत नीट कळतं. डॉक्टरांना हेच विचारा, कारण ऑपरेशन त्यावर ठरतं. नुसती कड फाटली असेल तर दुर्बिणीतून टाके घालून ती शिवतात, ते बँकार्ट. हाड बरंच गेलं असेल तर खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा स्क्रूने तिथे बसवतात, ते लाटार्जे. माझं बँकार्ट झालं.

नंतर सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत, झोपतानासुद्धा. बटणांचेच शर्ट घ्या; घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हात पोटापासून बाहेर फिरवणं फिजिओने सांगितलं तेवढंच.

तिसऱ्या महिन्यात दुखणं संपलं आणि मी गुपचूप दहा जोर मारले. फिजिओने ओळखलं, चांगलंच झापलं. दुखत नाही म्हणजे शिवण पक्की झाली असं नाही. मॅटवर सहा महिन्यांनंतरच, तेही दोन्ही हातांची ताकद मोजून.

साडेसहा महिन्यांनी पहिली पकड केली, ती डाव्या हाताने. उजवा आपसूक मागे राहिला. मग महिनाभर एका पोराला हळू चढाई करायला लावून नुसते घोटे धरत बसलो.