दहा सेकंदांचा शॉट, आठ तासांचं रेंडर

ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घरच्या कॉम्प्युटरवर शॉर्टफिल्म करायला बसलात की आधी एक हिशेब मांडा. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटला 240. एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे तिचं पक्कं चित्र तयार करायला, दोन मिनिटं धरली तरी आठ तास. रात्रभर पंखा घरघरणार आणि सकाळी दिसणार की पात्राचा हात टेबलात घुसलाय! म्हणून रेंडरच्या बटणाला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासोबत वेळेनुसार लावून ॲनिमॅटिक करा. कुठला शॉट किती फ्रेमचा ते इथेच ठरतं, आणि एकदोन शॉट नकोसेही वाटतात. खुशाल काढा.

मग ब्लॉकिंग. फक्त मुख्य पोझ द्या आणि कीफ्रेमचं (पोझ नोंदवलेल्या फ्रेमचं) इंटरपोलेशन, म्हणजे दोन पोझमधलं अंतर भरायची पद्धत, 'कॉन्स्टंट' ठेवा. पात्र एका पोझमधून दुसरीत टुणकन उडेल, पण टायमिंग कुठे फसलंय ते लगेच कळेल. पोझ पटल्या की मगच 'बेझिए' हे वळणदार इंटरपोलेशन. नवशिके नेमके इथे घाई करतात. मधल्या फ्रेम कॉम्प्युटर भरतो, हालचाल गुळगुळीत होते आणि पात्र पाण्याखाली चालल्यासारखं दिसतं. ते ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या वक्ररेषा जिथे बदलता येतात तिथे, निस्तरायचं: जड पिशवी उचलताना सुरुवातीला रेंगाळणं, सुटली की झपकन खाली. अंदाज येत नसेल तर खरी पिशवी उचला आणि मोबाइलवर शूट करून फ्रेम मोजा. घरचे हसतील, हसू द्या.

आता व्ह्यूपोर्ट रेंडर, म्हणजे काम करतानाच्या खिडकीत दिसतं तसंच कच्चं रेंडर, काढून शॉट पुन्हापुन्हा बघा. हे काम बहुतेक वेळा मिनिटांत होतं.

रेंडर करणारं इंजिन निवडताना सायकल्सचा हट्ट नको. त्याचा प्रकाश खरा वाटतो, पण वेळ खातो. ब्लेंडरचं दुसरं इंजिन ईव्ही पुष्कळ वेगवान. ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' हा ॲनिमेशनपट ईव्हीवरच रेंडर झालाय.

आउटपुटमध्ये फ्रेम स्टेप 20 ठेवून, म्हणजे वीस फ्रेममागे एकच घेत, आधी 12 फ्रेमच काढा. सावल्या, आरपार घुसलेले कपडे, दाणेदार कोपरे यांत सापडतात. डीनॉइझ (चित्रातले दाणे पुसणारी सोय) वापरलं असेल तर सलग दहाबारा फ्रेमही काढून बघा, कारण डाग थरथरतात ते एकेका चित्रात कळत नाही.

शेवटचं रेंडर थेट व्हिडिओत कधीच नको, पीएनजी चित्रांत घ्या. चाचणीच्या फ्रेम फोल्डरमधून काढा, स्टेप पुन्हा 1 करा आणि 'ओव्हरराइट'ची (आधीच्या फाइलवर पुन्हा लिहिण्याची) खूण काढून टाका. मध्यरात्री लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, आणि पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडर उरलेल्याच काढतो. फक्त शेवटची फ्रेम अर्धवट लिहिली गेली नाही ना, तेवढं बघून घ्या. मग ब्लेंडरच्याच व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये चित्रं ओळीने टाका, फ्रेम रेट 24 आहे ना ते तपासा आणि आवाज जोडा.