आतून तपासणी करून घेताना

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आतून तपासणी किंवा पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन होणारी कर्करोगाची चाचणी) करून घ्यायची असेल, तर जे विचारायचे आणि सांगायचे ते अंगावर कपडे असताना, खुर्चीत बसूनच बोलून घ्यावे; टेबलावर आडवे झाल्यावर एरवी धीट असलेल्या बाईचेही शब्द तोंडातच राहतात. तपासणी कशासाठी आहे, ती आजच व्हायला हवी का, आणि आतून सोनोग्राफी सुचवली असेल तर लघवी भरून पोटावरून करून भागेल का, हे विचारावे. शरीरसंबंध कधीच आलेला नसेल किंवा मागच्या वेळी फार दुखले असेल, तर तेही सांगावे, कारण त्यावरून तपासणीची पद्धत आणि स्पेक्युलमचा, म्हणजे योनीमार्ग उघडून आत पाहण्याच्या साधनाचा, आकार ठरतो. सोबत सासूबाई किंवा आई असेल, तर हे बोलण्यापुरते त्यांना बाहेर थांबायला सांगण्यात काही वावगे नाही.

डॉक्टर पुरुष असतील, तर तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी स्त्री असणे हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने आलेल्या रुग्णहक्क सनदेत तो नोंदलेला आहे. परिचारिका किंवा दवाखान्यातली मावशी नको, आपलीच बहीण हवी असेल, तर तसे सांगावे. शिकाऊ डॉक्टरांची गर्दी नको असेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

पॅप स्मिअरसाठी पाळी नसतानाचा दिवस निवडावा आणि आधीचे दोन दिवस शरीरसंबंध व योनीत ठेवायची औषधे टाळावीत. लांब कुर्ता घालून जाणे सोयीचे. सलवार काढली तरी अंग झाकलेले राहते, आखूड टॉप असला की सगळी भिस्त चादरीवर. आत जाण्यापूर्वी लघवी करून घ्यावी.

“अंग ढिले सोडा” असे सगळेच सांगतात, कसे ते कोणी सांगत नाही. कंबर टेबलाला टेकवावी, गुडघे बाजूला पडू द्यावेत आणि तोंडाने हळूहळू श्वास सोडावा. स्पेक्युलम गार लागत असेल, तर कोमट पाण्यात धुऊन घ्यायला सांगता येते, लहान आकाराचा मागता येतो. काही डॉक्टर तो स्वतःच्या हाताने आत सरकवूही देतात. हात वर केला की थांबायचे, असे आधीच ठरवून घ्यावे, आणि खरोखरच सहन होत नसेल तर तपासणी अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी यावे.

नंतर थोडे रक्त दिसू शकते, म्हणून पर्समध्ये एक पॅड असू द्यावे. अहवाल कधी आणि कोणाच्या हाती मिळणार, हे मात्र कपडे घालून, पुन्हा खुर्चीत बसल्यावरच विचारावे.