पोस्टग्रेस डेटाबेसचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणारा दुवा) हवाय? कोड न लिहिता होतो
डेटा आधीच पोस्टग्रेसमध्ये असेल तर वेगळा बॅकएंड लिहीत बसू नका, पोस्टग्रेस्ट (PostgREST) नावाचं तयार टूल डाऊनलोड करा, एकच फाईल असते, चालवली की टेबलांचे एंडपॉइंट, म्हणजे डेटा मागायचे यूआरएल, आपोआप मिळतात.

पण आधी डेटाबेसमध्ये एपीआयसाठी वेगळा स्कीमा (टेबलं ठेवायचा कप्पा) बनवा आणि बाहेर दाखवायचंय तेवढंच त्यात ठेवा, पब्लिक स्कीमा सरळ उघडा टाकू नका प्लीज. मग लॉगिन नसलेला एक रोल (परवानग्या द्यायचं खातं) बनवा, त्याला स्कीमावर यूसेज (वापरायची परवानगी) आणि टेबलवर फक्त सिलेक्ट (वाचायची परवानगी) द्या, आणि पोस्टग्रेस्ट ज्या युजरने कनेक्ट होणार त्याला हा रोल ग्रँट करा, म्हणजे वापरायला द्या. हेच नेमकं राहून जातं आणि मग लोक परमिशनचा एरर बघत बसतात.

कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता, स्कीमा आणि हा रोल, बास. पोर्ट ३००० वर चालू होतं. समजा पुस्तकांचं टेबल आहे, तर यूआरएलमध्ये टेबलचं नाव, प्रश्नचिन्ह, किंमतीचा कॉलम, बरोबरचं चिन्ह आणि पुढे 'एलटी डॉट २००' (lt.200, म्हणजे २०० पेक्षा कमी) टाका, २०० रुपयांच्या आतली सगळी पुस्तकं जेसनमध्ये येतात, खरंच भारी वाटतं बघायला!

आता टोकन (ओळख पटवणारा कोड) न देता पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे नवी नोंद टाकायची विनंती, मारून बघा, ४०१ (परवानगी नाही) यायलाच पाहिजे, २०१ (नोंद झाली) आलं तर ग्रँट परत तपासा. आणि नंतर टेबल बदललं तर पोस्टग्रेस्टचा स्कीमा कॅशे (टेबलांची त्याने साठवलेली माहिती) रिलोड करा.